नहलाल : ऐंशी घरांचं वर्तुळ आणि एकमेकांची जामीनकी

दुनाम म्हणजे एक हजार चौरस मीटर, आपल्या हिशेबात जवळजवळ दहा गुंठे. ११ सप्टेंबर १९२१ रोजी आजच्या उत्तर इस्रायलमधल्या इज्रेलच्या खोऱ्यात नहलाल हे गाव वसलं, तेव्हा प्रत्येक कुटुंबाला सारखीच जमीन द्यायची ठरली : सुमारे १०० दुनाम, म्हणजे पंचवीस एकर. ऐकायला हे भरपूर वाटतं. पण जमीन सगळी कोरडवाहू, पाऊस फक्त हिवाळ्यात ५०० ते ६०० मिलिमीटर आणि मजूर लावायचा नाही असा नियम. एका घराच्या हातांना किती झेपेल आणि कितीत त्याचं भागेल, या दोन अंदाजांवर तो आकडा बेतलेला होता.

नहलाल हा जगातला पहिला ‘मोशाव ओव्दीम’, म्हणजे कष्टकऱ्यांचं सहकारी गाव. किबुत्झ आपल्याकडे जास्त माहीत आहे आणि बरेच जण दोन्ही एकच समजतात. किबुत्झमध्ये जमीन, गोठा, स्वयंपाकघर, मुलांचा सांभाळ सगळं सामायिक. मोशावात घर वेगळं, चूल वेगळी, गोठा वेगळा, नफातोटाही ज्याचा त्याचा; सामायिक असते ती खरेदी, विक्री, कर्ज आणि अडीअडचण. सहकारी सोसायटीबद्दल ज्यांना खरोखर आस्था आहे त्यांनी किबुत्झपेक्षा मोशावाचा अभ्यास करावा असं मला ठामपणे वाटतं, कारण शेतकऱ्याला आपला गोठा आणि आपला हिशेब सोडायला न लावता त्याला एकत्र आणण्याचा हा प्रयोग आहे.

वसवणारे बहुतेक रशियन साम्राज्याच्या मुलखातून आलेले ज्यू स्थलांतरित. काही वर्षं त्यांनी पॅलेस्टाइनमध्ये मजुरी केली होती, काही जण किबुत्झमध्ये राहून आले होते. शमुएल आणि देव्होरा दयान हे जोडपं देगान्या हा पहिला किबुत्झ सोडून इथे आलं. पुढे इस्रायलचा संरक्षणमंत्री झालेला त्यांचा मुलगा मोशे तेव्हा सहा वर्षांचा होता. या मंडळींना दोन गोष्टी नको होत्या. किबुत्झसारखं सगळं सामायिक नको होतं. आणि जुन्या ज्यू वसाहतींत मालक घोड्यावर बसून अरब मजुरांकडून शेती करून घेत, तेही नको होतं. अमेरिकेत शेतीचं शिक्षण घेऊन आलेल्या एलिएझर याफे यांनी १९१९ साली एका पुस्तिकेत मधल्या वाटेचा आराखडा मांडला. जमीन राष्ट्राची, कष्ट स्वतःचे, एकमेकांना मदत आणि खरेदी-विक्री एकत्र, हे त्याचे चार खांब.

हे चारही नियम एकमेकांत अडकवलेले आहेत, सुटे घेतले तर त्यांचा अर्थ लागत नाही. जमीन ज्यू राष्ट्रीय निधीच्या मालकीची आणि शेतकऱ्याकडे ४९ वर्षांच्या नूतनीकरणाच्या पट्ट्याने. त्यामुळे ती विकता येत नाही आणि गहाणही ठेवता येत नाही. गहाण ठेवता येत नाही म्हणून बँक एकट्या शेतकऱ्याला उभं करत नाही. म्हणून कर्ज सगळ्या गावाच्या नावावर काढायचं आणि सगळ्यांनी सगळ्यांना जामीन राहायचं. जामीन राहायचं तर शेजारी काय पिकवतो, कुठे विकतो, किती उचल घेतो हे गावाला दिसलं पाहिजे, म्हणून माल गावामार्फतच विकायचा. आणि कष्ट स्वतःचेच असतील तरच सारखी जमीन म्हणजे सारखी संधी. मजूर लावायची मुभा दिली की ज्याच्याकडे पैसा तो दुप्पट पिकवणार आणि बाकीचे त्याच्यासाठी जामीन राहणार.

जमीन कशी आली हेही सांगायला हवं. ज्यू वसाहतींसाठी जमिनी विकत घेणारे येहोशुआ हँकिन यांनी बैरूतच्या सुरसुक घराण्याकडून खोऱ्यातले मोठे पट्टे विकत घेतले. मालक शहरात राहणारे, कसणारी कुळं अरब. कायद्याने व्यवहार मालकाशी झाला आणि कुळांना मोबदला देऊन उठवलं गेलं. जवळच माअलूल नावाचं अरब गाव होतं. बायबलमध्ये जबुलून वंशाच्या नगरांत नहलालचं नाव येतं आणि माअलूल या नावात तेच जुनं नाव टिकून राहिलं असं मानतात. ते गाव जुलै १९४८ च्या युद्धात ओस पडलं. मोशे दयान यांनी १९६९ मध्ये हैफाच्या विद्यार्थ्यांसमोर स्वतः सांगितलं होतं की आपली गावं अरब गावांच्या जागी उभी राहिली आहेत, आणि पहिलंच उदाहरण दिलं ते आपल्या नहलालचं. सहकाराचं कौतुक करताना हा भाग गाळणं मला पटत नाही.

पहिला शत्रू मात्र हिवताप होता. याच परिसरात १८६७ मध्ये जर्मन ख्रिस्ती वसाहतवाल्यांनी गाव वसवायचा प्रयत्न केला होता आणि तापाने माणसं पटापट गेल्यावर तो सोडून दिला होता. म्हणून नहलालकरांनी आधी तंबू ठोकले ते जवळच्या टेकडीवर, आणि दलदल उपसूनच खाली यायचं ठरवलं.

दलदल का होते ते समजल्याशिवाय ती कशी घालवली ते कळत नाही. खोऱ्याची जमीन भारी चिकणमातीची, पाणी मुरू न देणारी. डोंगराचं पाणी हिवाळ्यात खाली उतरतं आणि किशोन नदीला उतार इतका कमी की ते वाहून जात नाही. त्यात पायथ्याशी झरे, बारमाही. म्हणजे पावसाचं पाणी आटलं तरी झऱ्यांचं पाणी उन्हाळ्यात पसरून राहतं, आणि डासांचा खरा हंगाम तोच.

साधा उपाय म्हणजे उघडे चर खणणं. पण उघड्या चरात महिन्याभरात लव्हाळं वाढतं, कडा ढासळतात, पाणी जागोजाग थबकतं आणि ॲनॉफेलिस डासाला हवं तसं संथ, उन्हातलं पाणी आयतं मिळतं. चर खणून हिवताप वाढतो तो असा. म्हणून झऱ्याचं पाणी तोंडाशीच पकडून बंद नळीतून न्यायचं. भाजलेल्या मातीच्या आखूड नळ्या चरात एकाला एक टेकवून ठेवायच्या, सांध्यात सिमेंट भरायचं नाही. त्या बारीक फटीतूनच जमिनीतलं पाणी आत झिरपतं. नळीभोवती खडी, वर माती. काम खालच्या टोकापासून वर करत यायचं, म्हणजे खणतानाच पाण्याला वाट मिळते आणि खणणारा चिखलात उभा राहत नाही. उतार एकसारखा हवा. मध्ये एक नळी जरा खाली बसली तरी तिथे गाळ धरतो आणि वरचा सगळा पट्टा पुन्हा ओला होतो. खडी कमी पडली तर चिकणमाती सांधे लिंपून टाकते. झाडाची मुळं सांध्यात शिरली की तीन-चार वर्षांत नळी बंद. नळीच्या रांगेजवळ झाड लावणं म्हणूनच घातक. निलगिरी लावायची ती ओल शोषायला, नळ्यांपासून दूर.

तोवर रोज क्विनाइन. हिवतापाचे शास्त्रज्ञ इस्रायल क्लिग्लर यांची विसाच्या दशकातली देशभरातली मोहीम याच धर्तीवर होती : उगमाशीच पाणी बांधा, जे बांधता येत नाही त्यावर तेल किंवा पॅरिस ग्रीन या विषारी रसायनाची पूड टाका, टाक्यांत अळ्या खाणारे गंबुसिया मासे सोडा आणि दर आठवड्याला फिरून तपासा. शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची, कारण अळीपासून डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. एक फेरी चुकली की एक पिढी उडून गेली.

गावाचा नकाशा काढला रिचर्ड काउफमान या फ्रँकफुर्टमध्ये जन्मलेल्या वास्तुकाराने. गाव जवळजवळ वर्तुळाकार. मध्यभागी शाळा, सभागृह, दूध संकलन, दुकान, कचेरी. त्याभोवती शिक्षक, वैद्य, कारागीर अशा शेती न करणाऱ्यांची घरं. मग गोल रस्ता आणि रस्त्याच्या बाहेरच्या अंगाला शेतकऱ्यांची ऐंशी घरं. घरामागे गोठा आणि खुराडं, त्यामागे भाजी, फळझाडं आणि चारा, आणि त्याच्यापलीकडे शेत पाचरीसारखं रुंदावत जातं. उरलेली जमीन लांबच्या मोठ्या शेतांत. मोशाव मांडताना जे सांगितलं होतं ते या नकाशात तसंच्या तसं दिसतं : कुणाचं घर कडेला नाही, कुणाचं मोक्याला नाही. दुधाची बरणी घेऊन निघालेल्या प्रत्येकाला मध्यापर्यंतचं अंतर सारखं. रात्री पहारा द्यायलाही गोल गाव सोयीचं, कारण घेर आटोपशीर राहतो.

पण नांगर धरणाऱ्याला विचारलं तर तो या वर्तुळाला नावं ठेवील. ३६० अंशांचे ऐंशी भाग केले तर एकाच्या वाट्याला साडेचार अंश. गणिताने पाहिलं तर अशी पाचर मध्यापासून २०० मीटरवर जेमतेम १६ मीटर रुंद असते आणि ६०० मीटरवर ४७ मीटर. एका बांधाला समांतर तासं घालत गेलं की दुसऱ्या बांधाशी प्रत्येक तास तिरपं तुटतं. तुटक्या तासांपाशी औत वळवायला जागा नसते, पेरणी दुहेरी पडते नाहीतर सुटते. बैल-खेचरांच्या औताने हे निभावलं. ट्रॅक्टर आला तेव्हा वळणांतच डिझेल जाऊ लागलं. तुषार सिंचनाचे पाइप सरळ आखले तर टोकाकडे शेजाऱ्याच्या शेतात पाणी, वाकवले तर मध्ये कोरडा पट्टा. वर्तुळाची दुसरी अडचण अशी की ते वाढत नाही. एक्याऐंशीवं घर घालायला जागाच नाही. पुढच्या मोशावांत म्हणूनच लांबट गाव आणि आयताकृती पट्टे जास्त दिसतात. नकाशा म्हणून नहलाल अजूनही देखणं आहे. शेताच्या दृष्टीने आयत बरा.

शेती कोणती करायची यावर यित्झाक व्होलकानी या कृषितज्ज्ञाचा प्रभाव होता. त्यांचं म्हणणं : एकपिकी शेती सोडा, मिश्र शेती करा. जुन्या वसाहतींनी द्राक्षं किंवा नुसता गहू लावला आणि भाव पडला की त्या बुडाल्या, किंवा हंगामात मजुरांशिवाय त्यांचं अडलं. मजूर लावायचा नसेल तर काम वर्षभर सारखं वाटलं गेलं पाहिजे. हिवाळ्यात गहू-बार्ली आणि बरसीमसारखा हिरवा चारा, उन्हाळ्यात ज्वारी-मका, घराजवळ भाजी, फळझाडं, कोंबड्या, आणि मध्यभागी गाय. दुधाचा पैसा नियमित हाती येतो, अंड्यांचा दर आठवड्याला, गव्हाचा वर्षातून एकदा. शेणखत पुन्हा चाऱ्याला. स्थानिक दमास्कस गाई काटक पण दूध बेताचं. त्यांच्यावर हॉलंडहून आणलेले फ्रीजियन वळू सोडून संकर केला गेला. त्यातूनच पुढे इस्रायली होल्स्टीन तयार झाली, जिचं सरासरी दूध आज वर्षाला ११,००० किलोच्या वर आहे. नुसत्या जातीवर हे श्रेय टाकू नये. संकर केला आणि वैरण कोरडीच राहिली तर संकरित गाय स्थानिक गाईपेक्षाही लवकर खंगते. चारा आधी, वळू नंतर, हा क्रम ज्यांनी पाळला त्यांना फळ मिळालं.

१९३७ मध्ये मेकोरोत ही पाणी कंपनी निघाली आणि तिची पहिली मोठी योजना याच पश्चिम खोऱ्यासाठी होती. पाणी आलं आणि १०० दुनामांचा हिशेब बदलला. ओलिताखाली एका कुटुंबाला २५-३० दुनाम पुरू लागले, आणि १९४८ नंतरच्या मोशावांत हेच माप चाललं.

गावात बायकांच्या कामाचा वाटा मोठा होता : गोठा, कोंबड्या, भाजी आणि घर. हान्ना माइझेल यांनी इथे मुलींची शेतीशाळा उभी केली. कॅनडातल्या ज्यू महिलांच्या संघटनेने पैसा दिला. रोपवाटिका, कोंबडीपालन, दूध, हे सगळं मुली हाताने शिकत. १९३९ मध्ये बुडापेस्टहून आलेली हान्ना सेनेश याच शाळेत शिकली, जी दुसऱ्या महायुद्धात छत्रीसैनिक झाली आणि जिला १९४४ मध्ये हंगेरीत गोळ्या घालून मारलं गेलं.

आता सहकाराचा खरा गाभा, खातेवही. सभासदाच्या हातात रोख फारशी येतच नसे. सकाळ-संध्याकाळ दूध संकलनावर मापायचं. ते तनूवा या १९२६ मध्ये निघालेल्या विक्री संघाकडे जाई आणि पैसे गावाच्या खात्यात येत. गाव ते सभासदाच्या नावे जमा करी. पेंड, बियाणं, खत, दुकानातली साखर, पाण्याचं बिल, शाळेचा आणि गावाचा कर, कर्जाचा हप्ता हे सगळं त्याच खात्यातून वजा. महिन्याच्या शेवटी उतारा मिळे. जमा जास्त असेल तर ती गावाकडेच पडून राही आणि ज्याची वजा आहे त्याला वापरायला मिळे. म्हणजे गाव हीच बँक. सर्वसाधारण सभा वर्षातून एकदा कार्यकारिणी निवडत असे, वेगळी हिशेब तपासनीस समिती असे, आणि भांडण कोर्टात न जाता गावातल्या लवादाकडे जाई. कुणी आजारी पडला तर समिती पाळ्या लावी आणि त्याच्या गाई दुसरे पिळून देत. गाय वाट पाहत नाही, हे प्रत्येकाला माहीत असल्याने ही मदत मागावी लागत नसे.

हे सगळं ऐंशी घरांत चालतं, कारण ऐंशी जणांना एकमेकांचा गोठा दिसतो. बिघडलं ते वरच्या मजल्यावर. अनेक मोशावांनी मिळून प्रादेशिक खरेदी संघ काढले होते, ते घाऊक माल घेत, कर्जं उचलत आणि गावांना देत. सत्तरीत आणि ऐंशीच्या सुरुवातीला इस्रायलमध्ये महागाई भडकली. १९८४ मध्ये ती वर्षाला सुमारे ४४५ टक्के होती. अशा वेळी कर्ज घेणारा शहाणा ठरतो, कारण फेडायच्या वेळी रकमेची किंमतच उरलेली नसते. संघांनी कर्ज काढून काढून कोंबड्यांची घरं, शीतगृहं, कारखाने उभे केले. जुलै १९८५ मध्ये सरकारने स्थिरीकरणाची योजना आणली. महागाई काही महिन्यांत खाली आली, व्याजदर मात्र वरच राहिले. काल जे कर्ज आपोआप विरघळत होतं, ते आज दरमहा फुगायला लागलं.

आणि इथे एकमेकांची जामीनकी उलटली. समजा ऐंशींपैकी दहा जण फेडू शकले नाहीत. त्यांचं ओझं उरलेल्या सत्तरांवर. त्या सत्तरांतले जे काठावर होते ते या ओझ्याने बुडाले, मग साठांवर. ज्याचं खातं जमेत होतं, त्याचीही जमा गावाकडे अडकून पडली, कारण गावच दिवाळखोरीच्या दाराशी. मग चांगला शेतकरी काय करतो? दूध किंवा भाजी परस्पर व्यापाऱ्याला रोखीने विकतो, म्हणजे गावाच्या खात्यातून वजावट होणार नाही. त्याला चोर म्हणणं सोपं आहे. पण ज्याने पै-पै फेडली त्याच्यावर दुसऱ्याचं, तेही न पाहिलेल्या संघाने काढलेलं कर्ज लादलं गेलं होतं. माल बाहेर जाऊ लागला की गावाची वसुलीची एकमेव वाट बंद होते, आणि खरेदी-विक्री एकत्र हा खांब पडला की जामीनकीचा खांबही पडतो. १९९२ मध्ये गल कायदा आला. त्याने तडजोडीसाठी सरकारी व्यवस्था नेमली, कर्जाचा भाग माफ केला आणि उरलेलं सभासदनिहाय वाटून दिलं. बहुतेक मोशावांतली सर्वांची सर्वांसाठी हमी त्या सुमारास संपली. माझं मत असं की हमी वाईट नव्हती. हमी देणारा आणि कर्ज काढणारा यांच्यामध्ये एक न दिसणारी पायरी घातली गेली, चूक तिथे होती.

दुसरी अडचण वारसाची. पट्ट्याचे तुकडे करायचे नाहीत हा नियम असल्याने शेत एकाच मुलाकडे किंवा मुलीकडे जातं, त्याला ‘बेन ममशीख’ म्हणतात, पुढे चालवणारा. पोटहिस्से पडत नाहीत, शंभर वर्षांनीही शेत तेवढंच राहतं. किंमत बाकीची भावंडं देतात. त्यांना गाव सोडावं लागतं, आणि जमिनीचा भाव वाढला की कोर्टकचेऱ्या सुरू होतात.

१९४८ नंतर लाखो स्थलांतरित आले तेव्हा याच साच्यात अडीचशेहून जास्त मोशाव घाईने वसवले गेले. जुन्या मोशावांतली तरुण पोरं तिथे शिकवायला गेली. भारतातून गेलेल्यांपैकी कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल जास्त करून दिमोना, लोद, रामला, अश्दोद अशा शहरांत गेले. कोचीनचे ज्यू मात्र नेवातिम, मेसिलत झिओन, ताओझ अशा मोशावांत. नेवातिम १९४६ मध्ये नेगेवच्या वाळवंटात वसलं होतं आणि ओस पडलं होतं. १९५४ मध्ये कोचीनकरांनी ते पुन्हा वसवलं आणि पुढे हरितगृहांतल्या फुलांवर नाव काढलं. नहलालकरांनी साच्यात स्वतःला स्वखुशीने बसवलं होतं. नव्या लोकांना ट्रकमधून आणून साच्यात उतरवलं गेलं. ज्यांनी कधी गाय पिळली नाही त्यांच्या नावावर गाय आणि तिच्या कर्जाची हमी, दोन्ही एकाच दिवशी. पहिल्या काही वर्षांत अशा अनेक मोशावांतून बरीच घरं रिकामी झाली यात मला नवल वाटत नाही.

नहलालच्या टेकडीवरच्या दफनभूमीत मोशे दयान आहेत, आणि २००३ मध्ये कल्पना चावलांसोबत कोलंबिया यानात गेलेले इलान रामोनही तिथेच आहेत. खाली वर्तुळ तसंच आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस दुग्धव्यवसायाची सुधारणा आली, शेण-मूत्राच्या निचऱ्यासाठी पक्की गटारं आणि टाक्या सक्तीच्या झाल्या. चाळीस-पन्नास गाईंच्या गोठ्याला तो खर्च परवडेना. मोशावांतल्या बऱ्याच जणांनी दुधाचा कोटा विकला, काहींनी दोघा-तिघांत मिळून गावाबाहेर एक मोठा गोठा बांधला. नव्वदीनंतर शेतात थायलंडहून आलेले मजूर दिसू लागले, म्हणजे स्वतःच्या कष्टाचा नियमही सैल झाला. घरामागचे जुने सिमेंटचे गोठे कुणी गोदामाला दिले, कुणी पाहुण्यांच्या खोल्या केल्या. पाचरीची शेतं मात्र अजून पेरली जातात, आणि टोकाकडची तासं अजूनही तिरपीच तुटतात.